उजव्या हाताची काकणं

केसर रोज दिवेलागणीच्या आधी घरातून नाहीशी होते, हे आधी माझ्या ध्यानात आलं नाही, नीराच्या आलं. नीरा ही माझी थोरली सून. तिला दुसऱ्याच्या ताटात काय वाढलंय ते आधी दिसतं, मग स्वतःच्या. सुकटीचं सूप घेऊन ती माझ्याजवळ येऊन बसली आणि निवडता निवडता म्हणाली, धाकटी कुठं गेलीय कुणास ठाऊक, कालही याच वेळेला नव्हती. मी म्हटलं, परसात असेल. नीरा हसली. तिचं ते हसणं मला मुळीच आवडत नाही, पण मनात ते रुतलं ते रुतलंच.

मे महिन्यात आमचं घर म्हणजे बाजार असतो. थोरला अनंता बायकापोरं घेऊन परळहून येतो, लेक रंगू आपली पलटण घेऊन येते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसपर्यंत लाँच, तिथून पुढं एस.टी., आणि पोरं दारात पोचायच्या आत चपला भिरकावून वाळूत. पडवीत चटया, ओटीवर चटया, पाय ठेवायला जागा नाही. एकाला बोंबील तळून हवेत, दुसऱ्याला कालवणातले, तिसरा भाकरीला नाक मुरडतो आणि पाव मागतो. पाव काय माझा बाप भाजणार इथं? दिवसभर माझं तोंड चालू असतं. पण खरं सांगते, हे सगळे आले नाहीत तर मला अन्न गोड लागणार नाही.

माझा कायदा एकच. घोट्याच्या वर पाणी चढू द्यायचं नाही. पोरं दर्यावर गेली की मी काठी घेऊन वाळूत बसते. पाड्यातल्या बायका फिदीफिदी हसतात, म्हणतात कोळ्याची नातवंडं आणि पाण्याला भितात. हसू देत. माझा नवरा तुळशीराम आपल्या होडीचा तांडेल होता, आणि चौलपासून दिघीपर्यंत कुणालाही विचारा तो कसला तांडेल होता ते. त्याला दर्यानं नेलं. होडी आली, जाळं आलं, माणसं आली, तो आला नाही. तेव्हा मी दोन्ही लेकांना समोर बसवून बापाची शपथ घातली, होडीत पाय ठेवायचा नाही. होडी विकून टाकली. अनंता गोदीच्या वर्कशॉपात लागला, शिवदास गिरणीत. मी दुसऱ्यांची मासळी घेते, वलांडीच्या दोऱ्यांवर वाळत घालते आणि चौलच्या बाजारात नेऊन विकते. दर्याचं मी घेते, माझं त्याला देत नाही.

केसर ही शिवदासची बायको, वरसोलीच्या कोळ्यांची लेक. गेल्या वर्षी माघात लग्न झालं. आमच्यात लग्न लागलं की नवरीच्या उजव्या हातातली काकणं दर्याला देतात. त्याला सांगतात, बाबा, ही तू ठेव आणि हिचा धनी हिला दे. मग ती बाई उजव्या हातात पुन्हा काच भरत नाही, चांदीचं कडं घालते. पाड्यात कुठल्याही सवाष्णीचे हात बघा, डावा हिरवागार आणि उजव्यात नुसतं कडं. शिवदासच्या लग्नातही बायका ताट घेऊन निघाल्या होत्या. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, माझा लेक गिरणीत कामाला जातो, पाण्यावर जात नाही. त्याच्यासाठी दर्याला काय म्हणून द्यायचं? माझीही काकणं घेतली होती त्यानं. काकणं घेतली आणि वर नवराही घेतला, असल्या लबाडाशी पुन्हा सौदा मी करायची नाही. म्हाताऱ्या आवडाबाईनं कानांना हात लावले. मी कुणाचं ऐकलं नाही, आणि केसरच्या दोन्ही हातांत काकणं राहिली. आख्ख्या पाड्यात ती एकटीच तशी; नीराच्या लग्नात बायकांना अडवायचं माझं धाडस झालं नव्हतं. ती येताना दोन्हीकडून वाजत यायची, बघायला लागायचं नाही.

तर यंदा शिवदास तिला सोडायला आला आणि एक रात्र राहून निघाला. गिरणीत रजा नाही म्हणाला. मी त्याला जेवायला वाढत होते. अनंता शेजारी बसला होता, वर्कशॉपात राहून राहून पार पिवळा पडलेला, आणि हा तव्यासारखा काळा. मी विचारलं तर म्हणाला, हल्ली कापसाच्या गाठी चढवायला आवारात घातलंय, उन्हात असतो. हात धुताना त्याचे तळवे दिसले. घट्टे पडलेले आणि आडवे कापलेले. हात यंत्रात गेला होता, म्हणाला. मी त्याच्याकडं बघत राहिले, त्यानं मान खाली घातली. मग मी म्हटलं, बायकोचं लक्ष नसणार, दुसरं काय. दोष द्यायला सून समोर बसलेली असली की फार लांब जावं लागत नाही.

तर नीरा बोलल्यापासून मी पाळत ठेवायला लागले. रोज तेच. उन्हं उतरली, चहा झाला, पोरांचा गलका सुरू झाला की केसर हळूच मागच्या दारानं निघायची. कधी हातात घागर, कधी सरपणाची दोरी. घागर रिकामीच परत यायची. परत आली की खांद्यावरची फडकी उजव्या हातावर घट्ट ओढून घ्यायची आणि नीट चुलीपाशी जायची. एकदा ती माझ्या शेजारून गेली आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते उमगायला थोडा वेळ लागला. एकाच हाताची काकणं वाजत होती. थोड्या वेळानं ती पाणी घेऊन आली तर दोन्ही वाजत होती. मी म्हटलं, सोनूबाई, तुझे कान म्हातारे झाले.

मग रंगूनं उन्हात घालायला कपडे काढले, त्यांत केसरची लाल फडकी निघाली. लग्नात मी दिलेली, चांगली जरीच्या काठाची. तिचा एक कोपरा सरळ कातरीनं कापून काढलेला. उंदरानं खाल्लेलं असतं तर मी समजले असते. रंगूनं ती माझ्यापुढं धरली, नीरा चुलीपासून उठून आली, आणि तिघी त्या कापलेल्या काठाकडं बघत बसलो. नवऱ्याघरची फडकी कापून बाई कुणाला देते? नीरा म्हणाली, खाडीच्या तोंडाशी त्या कातळाजवळ पाड्यातला कान्हा जाळी दुरुस्त करत बसतो, बिनलग्नाचा, आणि धाकटी रोज त्याच वाटेला जाते. एवढंच बोलली आणि भाकरी करपते म्हणून निघून गेली. काडी लावायची आणि धूर झाला की आपण नाही त्या गावच्या, ही तिची रीत.

मी केसरला वलांडीपाशी गाठलं आणि विचारलं, रोज कुठं जातेस. ती बोंबील उलटत होती. वर न बघता म्हणाली, वाऱ्याला. घरात गुदमरायला होतं. मी म्हटलं, मुंबईच्या खोलीत बरी गुदमरत नाहीस. त्यावर तिनं पुढची रांग उलटायला घेतली. तिचे डोळे रडून सुजलेले होते, तेही मी धरून ठेवलं. ज्याच्यासाठी रडते तो माझा लेक नव्हे, कारण माझा लेक खुशाल मुंबईला आहे, असा माझा हिशेब.

त्या रात्री मी अनंताला बाजूला घेतलं. सांगितलं, मी माझ्या डोळ्यांनी बघणार, आणि खरं निघालं तर तू हिला सकाळच्या गाडीनं वरसोलीला नेऊन तिच्या बापाच्या ओटीवर सोडायचं. शिवदासला मी कळवीन. अनंता म्हणाला, आई, अजून जरा थांब. त्याला काय जातंय थांबायला. त्याच्या बायकोनंच तर माझी झोप घालवली होती. माझ्या डोळ्यांपुढं शिवदासचा पडलेला चेहरा यायचा आणि अंगाची लाही लाही व्हायची. बापाविना वाढवलेलं पोर माझं, त्याच्या संसाराशी ही पोरगी खेळते म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर वारा फिरला. सकाळपासून चांगला होता, मग उत्तरेकडून जोरात सुटला आणि पाण्याचा रंग गढूळ झाला. मी पोरांना काठी दाखवून वाळूतून हाकलली. घरी येते तर केसर नाही. नीरा दारातच उभी होती. तिनं नुसतं कातळाच्या दिशेला बघितलं. मी काठी तशीच हातात ठेवली आणि निघाले.

वाटेत कान्हा भेटला. तो जाळी गोळा करून घरी निघाला होता. खांद्यावर ओझं, बरोबर त्याची म्हातारी आई. मला म्हणाला, काकी, वारा बरा न्हाय, आज बाहेर कुणी असंल तर त्याचं कठीण हाय. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. हा इथं, आईबरोबर, घरी चाललेला. मग ती तिकडं कुणापाशी?

कातळावर ती एकटी बसली होती. खाडीच्या तोंडाकडं तोंड करून. वाऱ्यानं फडकी उडून मागं गेली होती आणि उजवा हात कोपरापर्यंत उघडा होता. त्यात एकही काकण नव्हतं. फडकीच्या टोकाला गाठ मारलेली होती आणि ती गाठ तिनं मुठीत आवळून धरली होती. मला तिनं बघितलं, उठली, पण पळाली नाही.

"कुणाची वाट बघतेस?" मी विचारलं.

"तुमच्या लेकाची."

"माझा लेक मुंबईला हाय. गिरणीत."

"न्हाय, आई. दिवाळीपासून न्हाय."

मग तिनं सगळं सांगितलं, मध्ये न थांबता, जणू कधीपासून पाठ करून ठेवलं होतं. गिरणीत त्याला कापसानं खोकला धरायचा. रात्री झोप यायची नाही. पाळी सुटली की घरी न येता भाऊच्या धक्क्यावर जाऊन होड्या बघत बसायचा. एक दिवस दिघीच्या भागोजी तांडेलाच्या मचव्यावर खलाशी म्हणून चढला, तो चढलाच. दिघीहून मासळी मुंबईला घालायची, परत जायचं. जाता-येता मचवा या कातळासमोरून जातो. म्हणून तिनं फडकीचा तुकडा कापून त्याला दिला, तो त्यानं डोलकाठीवर बावटा म्हणून बांधला. लांबून लाल दिसलं की हिला कळतं, आज बरा आहे. मला सांगायचं नाही अशी शपथ त्यानं तिला घातली होती. आई ऐकेल तर मरेल, म्हणाला होता.

माझा असा संताप झाला की मी काठी उगारली. तिच्यावर की त्याच्यावर ते मला आजही सांगता येणार नाही. बापाची शपथ मोडली. आणि मला, जिनं त्याच्या बापाची होडी बापाविना परत आलेली बघितलीय तिला, रजा नाही म्हणून सांगितलं. त्याचा काळा रंग आणि दोरीनं कापलेले तळवे सगळे डोळ्यांपुढून गेले. तांडेलाची बायको मी, दोरीचा काप मला ओळखू येत नाही होय? बघून सोडला होता मी.

पण काठी खाली आली नाही. तिचा तो उघडा हात मध्ये आला.

"हा हात असा का?" मी विचारलं.

"तो पाण्यावर असताना या हातात काच कशी ठेवू?" ती म्हणाली. "दर्याला द्यावी तर तुम्हांला दिसंल. म्हणून इथं बसते तेवढ्यापुरती काढते. घरी आले की चुलीपाशी परत भरते."

"दर्या काय तान्हं पोर हाय असा फसायला?"

मी बोलून गेले आणि काठी बाजूला ठेवली. तिनं काय फसवलं होतं? तिनं बिचारीनं रोज हात उघडा करून दाखवला होता. ताट घेऊन निघालेल्या बायकांना मी दारातून परतवलं होतं. माझा लेक उघड्या दर्यावर होता, आणि त्याच्या नावानं या दर्याला काहीच दिलेलं नव्हतं. सगळ्या पाड्याच्या पोरांसाठी दिलेलं होतं, माझ्याच्यासाठी नव्हतं. मला भीती वाटली. तुळशीराम गेला त्या दिवशीही इतकी वाटली नव्हती, कारण तेव्हा मला ठाऊकच नव्हतं असं होतं म्हणून.

तेवढ्यात केसरनं माझा दंड धरला. खाडीच्या तोंडाबाहेर एक शीड दिसलं, अर्धं उतरवलेलं. मचवा एका अंगावर झुकत होता, उठत होता, पुन्हा झुकत होता. डोलकाठीवर लाल ठिपका. तो खाडीत शिरायला बघत होता आणि वारा त्याला पलीकडच्या कोर्लईच्या डोंगराकडं ढकलत होता. मी मनातल्या मनात सुकाणू धरलं, वळव, आता वळव म्हटलं. मग तो डोंगराआड गेला. आम्ही बघत राहिलो. पलीकडून तो काही बाहेर आला नाही.

मी तिच्या मुठीतली गाठ सोडली. काकणं माझ्या हातात आली, हिरवी, लग्नात भरलेली. मी तिच्याकडं बघितलं, तिनं मान हलवली. मग मी कातळावरून खाली उतरले आणि पाण्यात शिरले. तुळशीराम गेल्यापासून घोट्याच्या वर पाणी लावून घेतलं नव्हतं. ते गुडघ्यापर्यंत आलं, मांड्यांपर्यंत आलं, लुगडं जड झालं, एका लाटेनं मला पार भिजवलं. नारळ नव्हता, ताट नव्हतं, गाणी म्हणायला बायका नव्हत्या. विधवेनं हे करायचं नसतं तेही मला ठाऊक आहे. करायला तिथं दुसरं होतं कोण?

"घे," मी म्हटलं. "मागच्या टायमाला घेऊन विसरलास. या टायमाला मी बघत्येय."

आणि काकणं टाकली. वाऱ्यात आवाजही आला नाही.

घरी आलो तेव्हा सगळे ओटीवर जमलेले. पोरंसुद्धा खेळ टाकून आलेली. नीरानं सगळं अंगण ओलांडून आधी केसरच्या उजव्या हाताकडं बघितलं. विचारलं, काकणं कुठं गेली? कुणाला दिली? तिच्या आवाजात मोठा आनंद होता. मी माझं लुगडं पिळत होते.

"दर्याला दिली," मी म्हटलं. "मी दिली."

आमच्यात याचा अर्थ समजवावा लागत नाही. रंगूनं तोंडावर हात ठेवला. अनंता भिंतीला टेकला होता तो सरळ झाला, माझ्याकडं बघितलं, एक शब्द न विचारता टोपी घातली आणि कान्हाला हाक मारत खाडीकडं निघाला. नीरा आत गेली. जाताना माझ्यासाठी कोरडं लुगडं काढून ठेवून गेली, एवढं तिच्या पदरात घालते.

मी पेटी उघडली. तळाशी माझं चांदीचं कडं होतं, तुळशीराम गेल्यावर काढलेलं. माझं कडं तिच्या हातात घालू की नको, याचा मी फार विचार केला. माझं नशीब त्याला चिकटलेलं. पण उघडा हात मला बघवेना. घासून पुसून मी ते तिच्या उजव्या मनगटात घातलं. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली आणि मीही रडले. लाज कसली त्यात.

सकाळी अनंता त्याला घेऊन आला. डोंगराआड मचवा पुळणीवर चढला होता, सुकाणू मोडलं, भागोजीचा हात दुखावला, माणसं वाचली. शिवदास अंगणात येऊन उभा राहिला. दोरीनं सोललेले हात, कपड्यांना मीठ. ओटीवर चढायची त्याची छाती होईना. मी खाली उतरले आणि सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारली. मग त्याचं डोकं छातीशी धरलं आणि किती तरी वेळ सोडलं नाही. शपथ मोडलीस, मी म्हटलं. हो, म्हणाला. पुन्हा जाणार? तो गप्प राहिला. तुळशीरामही असाच गप्प राहायचा. मी त्याला पान वाढलं.

सुट्टी अजून सरलेली नाही. पोरं वाळूत आहेत आणि काठीही माझ्या हातात आहे. पाणी मात्र आता गुडघ्यापर्यंत चालतं, पोहायला आलंच पाहिजे म्हणून कान्हाला सांगून ठेवलंय. परवा मचवा दुरुस्त झाला आणि शिवदास गेला. संध्याकाळी केसर निघाली तशी मीही निघाले. नीरानं विचारलं, आता तुम्ही कशाला? मी पदर खोचला आणि चालू लागले.

मी जाते, कारण माझा अजून विश्वास नाही. या पोरीवर पाळत ठेवत होते, ती माझी चूक. आता आम्ही दोघी कातळावर बसतो, आणि पाळत दर्यावर ठेवतो. समोर पसरलेला असतो, अगदी सोज्वळ तोंड करून. त्यानं काकणं घेतलीत याची त्याला रोज जाऊन आठवण करून द्यायला हवी.